बिनतेलाचा मिस्त्री

आमच्या दिग्रसच्या कापसाच्या जिनात एकूणएक माणसाच्या अंगाला तेलाचा वास यायचा, एक मिस्त्री सोडून. तो तर सगळ्या यंत्रांचा मुख्य! कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या पोटात दिवसभर हात घालून बसणारा. पण काम झालं की खांद्यावरचं पांढरं फडकं काढायचा आणि एकेक बोट असं पुसायचा की बघणाऱ्याला कंटाळा यावा. डोक्यालाही कधी तेल लावलं नाही. केस वाळल्या गवतासारखे उभे. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया त्याला सोडत नसत. "काहो मिस्त्री, भाभीनं तेल बंद केलं काय तुमचं?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचा, "घरात भाजीले पुरत नाई बाई, डोक्याले कुठून आणू?" बाया खो खो हसायच्या, आणि तो पुन्हा यंत्रात डोकं घालायचा. त्याला सगळे बिनतेलाचा मिस्त्री म्हणत. नाव शेख हबीब होतं, हे मला त्याच्या ट्रंकेवर रंगवलेलं पाहिलं तेव्हाच कळलं. त्या ट्रंकेचं पुढे येईलच.

मी जिनातला तेलवाला. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, घरातले देव नदीला दिले आणि गावकीची कामं सोडली. काम सोडलं तसं गावानं तोंड फिरवलं. मग बायकोला घेऊन दिग्रसला आलो. जिनाच्या फाटकापाशी आठ दिवस नुसता उभा होतो. येणारा जाणारा बघायचा आणि पुढे जायचा. नवव्या दिवशी हा वाळक्या केसांचा माणूस समोर येऊन थांबला आणि म्हणाला, "हात दाखव." मी दाखवले. त्यानं उलटसुलट करून पाहिले. "तेल घालता येते काय मशीनले?" मी म्हटलं, नाही येत. "बरं झालं. चुकीचं शिकला नाईस. चाल अंदर." एवढीच माझी मुलाखत. त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं, हे मी आजही विसरलेलो नाही.

तेल घालणं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण मिस्त्रीनं माझा जीव नकोसा केला. किती थेंब, कुठल्या भोकात, किती वेळानं, सगळं ठरलेलं. लाकडी दांडकं बेअरिंगला लावून दुसरं टोक कानाशी धरायला लावायचा आणि विचारायचा, "काय म्हणून राह्यलं?" मी म्हणायचो, काही नाही, घरघर. "अबे, तहान लागली म्हणून राह्यलं ते. दे त्याले." कमी पडलं तर यंत्र तापायचं, जास्त झालं तर थेंब रुईवर पडायचा. रुईवर काळा डाग पडला की व्यापारी ती गाठ पायानं बाजूला सारायचा. म्हणून माझ्या मागोमाग मिस्त्री यायचा, यंत्राखाली पांढरं फडकं धरायचा, आणि त्यावर एक जरी ठिपका दिसला तरी ते फडकं दिवसभर माझ्या नाकासमोर नाचवायचा. मी चिडायचो. मनात शिव्या द्यायचो. पण त्याचा नियम माझ्या हाडात मुरला. "सुदाम, जे फिरते त्याले इचारत बसू नको. आधी तेल दे." हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. पुढेपुढे माझं असं झालं की घरी दाराची बिजागरी दिसली तरी हात तेलाच्या कुपीकडे जायचा. बायको कपाळाला हात लावायची.

संध्याकाळी भोंगा झाला की मिस्त्री रिकाम्या बारदानाच्या ढिगावर बसायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे टाकायचा आणि डोळे मिटायचा. "थकलो बाप्पा," म्हणायचा. "अर्धी जिंदगी तेल द्याले गेली अन अर्धी ते पुसाले." हे तो तक्रार म्हणून सांगत नसे, आज बुधवार आहे असं सांगावं तसं सांगायचा. मीही शेजारी टेकायचो. नाकातोंडात कापसाची धूळ, दोघांनाही खोकला. बोलायला अंगात काही उरलेलं नसायचं.

फार खुशीत असला की मात्र तो खिशातून एक वस्तू काढायचा. लोखंडाची लहानशी गोल चकती, मधे आरपार भोक, आणि भोकाच्या आतल्या अंगाला पांढऱ्या, साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत पदार्थाचं अस्तर. तिला तो बुश म्हणायचा. खिळ्यावर अडकवून टिचकी मारायचा आणि तो बुश गरगर फिरत राहायचा. आवाज नाही, काही नाही. "याले तेल लागत नाई," तो म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा दुसऱ्याच कुणा माणसाचा व्हायचा.

जिनात येण्याआधी मिस्त्री बरीच वर्षं दूरच्या एका विमानतळावर, विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होता. हे पांढरं अस्तर तिथे तेव्हा नवंनवंच आलं होतं. तिथल्या मोठ्या साहेबानं सांगितलेलं तो मला जसंच्या तसं सांगायचा. विमानात कितीक सांधे अशा जागी असतात की माणसाचा हात पोचत नाही. वर गेलं की थंडीनं तेल गोठतं, खाली उतरलं की तेलाला धूळ चिकटते. म्हणून काही सांध्यांत हा असा बुश बसवतात, तो आपल्या आपण गुळगुळीत राहतो. "तेल त्याच्या अंगातच हाय समज. ना द्याचं, ना पुसाचं." मी म्हणायचो, फेकू नका मिस्त्री, बिनतेलाचं कधी काही फिरलं आहे काय! तो हसून बुश खिशात टाकायचा. म्हाताऱ्या आईचे डोळे गेले, तिला बघायला कुणी नव्हतं, म्हणून तो ती नोकरी टाकून दिग्रसला आला होता. आईची सगळी सेवा केली. पुढे ती वारली, पण तोवर तिकडची जागा भरून गेली होती. दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. बिनतेलाचा हट्ट होता तो तिकडचा होता. इथे त्याचं फक्त शरीर काम करत होतं.

आणि मग एका वर्षी विमानच आमच्याकडे आलं.

त्या साली कपाशीवर किडीचा कहर झाला होता. औषधाची पावडर फवारायला दोन माणसांसकट एक लहानसं विमान पाठवलं गेलं. दारव्ह्याच्या रस्त्याला एक पडीक माळ सपाट करून तिथे ते उतरलं, तेव्हा निम्मं दिग्रस माळावर लोटलं होतं. विमान चालवणारा अगदी पोरसवदा होता, आणि त्याच्यासोबतचा इंजिनिअर साहेब दक्षिणेकडचा, शांत, तुटक हिंदी बोलणारा. हंगामाआधी जिन बंदच होता, म्हणून मालकानं मदतीला आम्हा दोघांना पाठवलं: मिस्त्रीला हाताखाली आणि मला पावडरीची पोती भरायला. मिस्त्री विमानाभोवती एक फेरी मारून शेपटापाशी थांबला. शेपटाची आडवी फळी खालीवर हलते, तिच्यामुळे विमान नाक वर उचलतं किंवा खाली करतं. त्या फळीच्या बिजागरीवर त्यानं तळहात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, इसमें सूखा बुश है ना?"

साहेब वळून बघतच राहिला. दिग्रसच्या माळावर, जिनातल्या मिस्त्रीच्या तोंडून त्याला हे अपेक्षित नव्हतं. मग दोघं विमानाखाली उकिडवे बसून जे बोलत सुटले, ते साहेबाचा चहा निवून गेला तरी उठेनात.

त्यानंतरचे तीन आठवडे मिस्त्रीचे होते. रोज दाढी करून यायचा. शीळ घालायचा, आणि ती बेसूर होती. फडक्यानं विमानाची प्रत्येक बिजागरी कोरडी पुसायचा, पावडरीचा कण राहू द्यायचा नाही. संध्याकाळी "थकलो बाप्पा" म्हणणं बंद झालं होतं. एक दिवस साहेबानं त्याला सांगितलं, हंगाम संपला की माझ्यासोबत चल, कारखान्यात पक्की नोकरी देतो, माझा शब्द. मिस्त्री मला हे सांगायला धावत आला. धावत! मी त्याला जिनात कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. "सुदाम, भाभी तर आतापासूनच भांडे बांधून राह्यली," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. दुसऱ्याच दिवशी त्यानं पत्र्याची नवी ट्रंक घेतली आणि नाव टाकायला पेंटरकडे दिली.

मला त्यानं एवढंच बजावलं होतं: "तू पावडर भर. विमानाचं मी पाहीन." यातलं काय कोरडं आणि काय ओलं, हे काही सांगितलं नव्हतं. खिशातला तो बुश मला ठाऊक होता, पण तसलेच बुश शेपटाच्या आत लपलेले आहेत हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मी काही बचाव करत नाही. जे होतं ते सांगतो आहे.

दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. जिनात सकाळीच सगळे रेचे धुऊन पुसून, शेंदूर आणि झेंडूच्या माळा घालून सजवले होते. मी दीक्षा घेतल्यापासून पूजा सोडली होती. हार घालायचा नाही, हात जोडायचे नाहीत. पण त्या दिवशी सगळ्या यंत्रांना भरपूर तेल घालायचं हे माझं काम, आणि ते मी मनापासून करायचो. बाकीच्यांची पूजा ती पूजा, माझं तेल ते माझं. ते आटोपून कुपी तशीच हातात घेऊन मी माळावर गेलो. विमान चालवणारा आणि साहेब सुट्टी म्हणून यवतमाळला गेले होते. मिस्त्री पेंटरकडून ट्रंक आणायला गेला होता. जवळच्या गावातली माणसं मात्र जथ्यानं आली होती. कुणी पंख्याला झेंडूची माळ घातली, कुणी चाकाला कुंकू लावलं, कुणी आपट्याची पानं वाहिली. एका म्हातारीनं तर विमानाच्या पोटावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. "माह्या कपाशीवर चांगलं फिर रे बाप्पा," म्हणाली.

माणसं गेली. मी एकटा उरलो. सगळ्यांनी विमानाला काही ना काही दिलं होतं, आणि त्यानं मिस्त्रीचं नशीब उघडलं होतं, म्हणजे खरं तर मीच त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. शेपटाची फळी सहज हातानं खालीवर करून पाहिली. बिजागरी ठणठणीत कोरडी. दसऱ्याच्या दिवशी! माझ्या जिवाला ते बघवेना. हात आपोआप गेला. डावीकडे तेल, उजवीकडे तेल, पुन्हा फळी हलवून पुन्हा तेल, अगदी आत मुरेपर्यंत. वरचं ओघळलेलं फडक्यानं नीट पुसून घेतलं, मिस्त्रीनं शिकवलं तसं. बाहेर एक डाग ठेवला नाही. मिस्त्री ट्रंक घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं मला वाटलंच नाही. ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: शेख हबीब, विमान फिटर.

पुढचे दोन दिवस विमान उडालं. उडालेली पावडर आणि माळावरची धूळ त्या तेलात बसत गेली. मिस्त्री वरून पुसत होता आणि आत चिखल होत होता. तिसऱ्या दिवशी विमान एका शेतावर खाली गेलं आणि कपाशीच्या ओळीच्या शेवटाला वर उठेना. आम्ही माळावरून बघत होतो. मिस्त्रीच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. कपाशीच्या शेंड्यांना घासत ते बांधावरच्या बाभळीपर्यंत गेलं आणि अगदी शेवटी कसंबसं वर आलं. उतरलं तेव्हा चाकात बाभळीची फांदी अडकलेली होती. ते पोरगं खाली उतरलं आणि पंखाच्या सावलीत जमिनीवर बसलं. दांडा दोन्ही हातांनी ओढला तरी येत नव्हता, म्हणाला.

साहेबानं बिजागरी उघडली. आतून काळी, चिकट लुगदी निघाली. पांढरं अस्तर खरवडून निघालं होतं. त्यानं ती लुगदी बोटांवर चोळली, वास घेतला आणि आमच्याकडे वळला.

"तेल किसने डाला?"

मी तिथेच उभा होतो. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि जीभ टाळ्याला चिकटली. बायकोचे दिवस भरत आले होते. जिनातली नोकरी गेली तर पुन्हा कुठल्या फाटकाशी उभं राहायचं? आणि विमान पाडायला निघाला होता म्हणून पोलिसांत दिलं तर? ही सगळी कारणं मी नंतर जमवली. खरं कारण एकच. मी घाबरलो.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग दोन पावलं पुढे गेला आणि म्हणाला, "मैंने डाला साहेब."

"तुमने? तुम तो जानते थे."

"आदत," मिस्त्री म्हणाला. बस, तेवढा एकच शब्द.

साहेबाला ते खरं वाटलं नसावं, पण दुसरं कुणी बोलत नव्हतं. मी बोलत नव्हतो. साहेब ओरडला नाही, तक्रारही केली नाही. नवे बुश मागवले, काम उरकलं, आणि निघायच्या दिवशी मिस्त्रीशी हात मिळवून इतकंच म्हणाला, "आदमी अच्छे हो. पर हवा में आदत नहीं चलती." विमान वर गेलं, माळावर एक गोल फेरी मारली आणि ठिपक्याएवढं होऊन दिसेनासं झालं. मिस्त्री मान वर करून उभाच होता.

परतताना वाटेत मी म्हटलं, मिस्त्री, ते तेल... "चूप राह्य," तो म्हणाला. "पाय दुखून राह्यले."

जिन सुरू झाला आणि गोष्ट सगळीकडे पसरली. बिनतेलाच्या मिस्त्रीनंच विमानात तेल ओतलं! बाया हसायच्या, हमाल हसायचे, मालकही चारचौघांत चेष्टा करायचे. पूर्वीची थट्टा लाडाची होती, ही तशी नव्हती. एवढी वर्षं सांगत असलेलं सगळं थापच होती, असं लोक तोंडावर म्हणू लागले. मिस्त्री मान खाली घालून रेच्यात हात घालायचा. बुश पुन्हा कधी खिशातून बाहेर आला नाही. संध्याकाळी बारदानावर तसाच बसायचा, पण "थकलो" म्हणायचा नाही. त्याची थट्टा चालली असताना मी तिथेच तेलाची कुपी घेऊन उभा असायचो, आणि रोज ठरवायचो की आज सांगून टाकू. पाच हंगाम गेले असे. लाज कशाला म्हणतात ते मला विचारा.

शेवटी कापसाच्या धुळीनं त्याच्या छातीचा घास घेतला. अंथरूण धरलं. एका दुपारी मी भेटायला गेलो. भाभीनं चहा दिला आणि आत गेली. खाटेखाली तीच ट्रंक होती, तिच्यात गोधड्या ठेवल्या होत्या. विमान फिटर हे शब्द अजून ठसठशीत दिसत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, काहून केलं तुमी असं? तुमची जिंदगी घातली मी मातीत. एक शब्द बोलले असते तर..."

त्याला बोलताना धाप लागत होती. म्हणाला, "हात दाखव."

मी दाखवले. त्यानं पहिल्या दिवशीसारखे उलटसुलट करून पाहिले. नखांत तेल होतंच.

"या हाताले तेल घालाचं कोनं शिकवलं?"

"तुमी."

"इचारत बसू नको म्हणून कोनं सांगतलं?"

"तुमीच."

"मंग विमानात तेल कोनं घातलं?"

मी हुंदके देऊन रडलो. तो जरा चिडूनच म्हणाला, "रडू नको बे, थकवा येते मले." मग उशीखालून बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि त्याआधी उशाचं फडकं घेऊन माझा हात पुसायला विसरला नाही. त्या आठवड्यातच तो गेला. कबरीवर माती टाकायला मी होतो.

पुढे मी बरीच वर्षं जिनात काढली आणि नव्या तेलवाल्यांना शिकवत राहिलो. मिस्त्रीचा नियम मी बदलला. जे फिरतं त्याला आधी विचारा आणि मगच तेल द्या, असं सांगायचो. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. तिथेही जीभ टाळ्यालाच चिकटली. आता कंबर धरते, खोकला माझ्याही छातीत आला आहे, आणि बुश टेबलावर समोर ठेवून हे लिहितो आहे. खिळ्यावर अडकवून टिचकी मारली तर अजून फिरतो. मागे बाजारात त्या काळातला एक म्हातारा हमाल भेटला. बोलता बोलता मिस्त्रीची आठवण निघाली आणि तो हसून म्हणाला, तोच ना, बिनतेलाचा, ज्यानं विमानात तेल ओतलं? त्याच्यासारखे दिग्रसमध्ये अजून दोनचार उरले असतील. कुणी भेटलं तर त्यांना सांगा. शेख हबीब, विमान फिटर, यांनी विमानाला कधीही तेल घातलं नाही. ते मी घातलं.